एक खूण जास्त

रेवसच्या धक्क्याला लागून मनुबाईचं घर, आणि घराच्या ओटीवर नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर. नवरा, दादू तांडेल, दर्यात गेला तो परत आला नाही. पण जाळी फाडणारे खडक, बुडालेल्या बोटी, मासळीच्या जागा अशा सगळ्या खुणा त्यानं त्या डब्यातल्या नकाशावर ठेवल्या होत्या. त्या खुणांच्या जिवावर मुलगा कान्हा बोट हाकत होता. म्हणून डबा कुरकुरायला लागला तशी मनुबाईनं म्हसळ्याहून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या वासिफला बोलावलं.

"काकी, हे भंगारात काढा."

"तुझ्या आज्याला काढलास काय भंगारात? बस खाली."

वासिफनं बसून डबा उघडला. जुनी हार्डडिस्क जायला आली होती. त्यानं आणलेली मोठी डिस्क बसवली, तर मशिन सुरू होतानाच अडकायला लागलं.

"याला बत्तीस जीबीच्या पुढं मोजताच येत नाही. ही ऐंशीची." त्यानं डिस्कच्या पाठच्या पिनांवर नखाएवढी प्लास्टिकची टोपी बसवली. "आता ही स्वतःला बत्तीसच सांगेल. बाकीची मशिनला दिसायची नाही."

"नव्या सुनेगत," मनुबाई म्हणाली. "भूक परातभर, पंक्तीत मागायची चतकोर."

सुरू होताना मशिननं आधी नव्या डिस्ककडे बघायचं, अशी सेटिंग करून, जुन्या डिस्कवरच्या खुणा तिच्यात उतरवून देऊन वासिफ गेला.

जुनी डिस्क दादूच्या हातची. भंगारवाल्याला द्यायला मन होईना. ओहोटीच्या पाण्यात मनुबाईनं ती धक्क्यावरून सोडली, आणि सवयीनं तोंडातून निघालं, "ये हां."

कोळ्याच्या घरात निघालेल्याला 'जा' म्हणत नाहीत. तो 'येतो' म्हणतो, घरचे 'ये' म्हणतात.

सकाळी नकाशावर एक खूण जास्त होती. खांदेरी बेटाच्या पार पलीकडे, खोल पाण्यात.

"कान्हा, ही तू ठेवलीस?"

"मी कशाला ठेवू, आये? तिथं कोन जातो मरायला?"

बोलून झाल्यावर कान्हानं जीभ चावली. दादूची बोट तिथंच बुडाली होती.

दुसऱ्या दिवशी ती खूण खाडीच्या तोंडाशी होती, करंजासमोर. मनुबाईनं कान्हाचा हात धरला. "आज बोट सोडायची न्हाय. धुसफुसायचं तर माजघरात बसून धुसफूस." आणि वासिफला पुन्हा फोन लावला.

वासिफनं डिस्क काढून, तिची टोपी उपटून आपल्या लॅपटॉपला जोडली. आतून कान्हाच्या कपबशीचा आवाज येत होता.

"काकी, ही खूण लिहिली गेलीय बत्तीसच्या पलीकडं. तुमच्या मशिनचा हातच पोचत नाही तिथं."

"मग लिहिली कोनी?"

वासिफनं डिस्क पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली.

"आनि डिस्क तुझ्या मांडीवर हाय, तर ह्यो डबा का घुरघुरतोय?"

पोट रिकामं असलेलं मशिन आपसूक सुरू झालं होतं. नकाशा उघडला. खूण रेवसच्या धक्क्यावर होती.

ओटीवर ओल्या जाळ्याचा वास आला. दादूच्या विडीचाही.

खूण सरकली. घराच्या जागेवर येऊन थांबली.

मनुबाई उठली. पदर खोचला. हा कुणाला न्यायला आलाय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दारात पाय रोवून, जन्मात कुणाला न म्हटलेला शब्द तिनं खणखणीत म्हटला.

"जा."

वास विरला. पडद्यावरची खूण फिरली आणि धक्क्याकडं सरकायला लागली.

"बघितलंस?" ती खुर्चीत टेकली. "दर्यात र्‍हाऊन पन बायकोचा शब्द मोडायची टाप न्हाय त्याची."

वासिफ पडद्यापासून मागं सरकला होता.

"काकी."

"काय?"

"जाताना दोन आहेत."

ती माजघरात गेली. परसाचं दार आतून कडी लावलेलं होतं. कान्हाच्या चपला उंबऱ्याशी होत्या. अर्ध्या कपातून अजून वाफ निघत होती.