मार्तंडाच्या खडावा

अंबडहून शहागडला जायचं तर तेव्हा बैलगाडीच. निजामाचा अंमल होता आणि रझाकारांचं नावही अजून कुणाच्या कानावर आलं नव्हतं, त्या सालातली ही गोष्ट. माघातल्या एका सकाळी मार्तंडानं गाडी जुंपली. काम तसं साधंच होतं. अमृतबुवांच्या लाकडी खडावांना गंगेत, म्हणजे तिथल्या गोदावरीत, स्नान घालायचं आणि दिवस मावळायच्या आत त्या परत आणायच्या. दुसऱ्या दिवशी बुवांच्या समाधीवरच्या नव्या देवळात त्यांची प्राणप्रतिष्ठा होती.

काम साधं, पण मार्तंडाचा जीव वर्षभर जळत होता. बावीस वर्षं त्यानं बुवांची सेवा केली. रोज पाय धुतले, चेपले, टाचांना तेल लावलं. आणि बुवांनी देह ठेवला त्या घटकेला हा कुठं, तर विहिरीवर पाणी शेंदत. बुवांचं डोकं होतं भुजंगाच्या मांडीवर. भुजंग म्हणजे परतूरकडून येऊन सहाच वर्षं झालेला धाकटा शिष्य. शेवटचा शब्दही त्यालाच मिळाला, "देऊळ बांध." मग काय, भुजंगानं चाळीस गावं पालथी घातली. घरटी एक दगड मागितला आणि तो स्वतःच्या डोक्यावर वाहून आणला. कळस चढला तसं गाव त्याला भुजंगबुवा म्हणायला लागलं. मार्तंड मात्र मार्तंडच राहिला. माणसाला उपाशी ठेवा, तो सोशील. पण त्याच्या ताटातलं उचलून दुसऱ्याला वाढलं की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

शहागडच्या घाटावर तो पाण्यात उतरला. उतरताना स्वतःच्या खडावा पायरीवर काढून ठेवल्या. रखमाजी सुतारानं दोन्ही जोड एकाच लाकडातून केले होते. मार्तंडानंच हट्टानं तसे करवून घेतले होते. बुवांच्या खडावा धुऊन त्यानं शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ तो नुसता बघत बसला. देऊळ भुजंगानं घ्यावं. बुवा का म्हणून त्याला द्यायचे?

बुवांच्या खडावा त्यानं पंच्यात गुंडाळून कडब्याखाली सारल्या. रेशमी फडक्यात बांधल्या त्या आपल्या. आणि अनवाणी गावात शिरला, तेव्हा लोक म्हणाले, काय निष्ठा आहे बघा.

दुसऱ्या दिवशी समाधीच्या ओट्यावर चुन्यात खडावा बसवल्या. भटजींनी त्यांना दर्भ लावला, डोळे मिटून मंत्र म्हटले, यांत प्राण येवोत, यांत जीव राहो. गर्दीत उभ्या मार्तंडाच्या तळव्यांना मुंग्या आल्या. फार वेळ उभं राहिल्यामुळं असेल, असं त्याला वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो दचकून जागा झाला. पाय गार पडले होते. चाचपून पाहिलं तर घोट्यापर्यंत ओले. त्याच वेळी देवळात घंटा वाजली. भुजंगानं खडावांना स्नान घातलं होतं. मग टाचेवरून कुणाचा तरी हात फिरल्यासारखा वाटला, सावकाश, तेलानं माखलेला. खोलीत चंदनाचा वास सुटला. उठून दिव्याशी जाऊन पाहिलं, तर अंगठ्याला तुळशीचं पान चिकटलेलं.

भ्यायला हवं होतं त्यानं. पण खरं सांगायचं तर तो हसला. भुजंगबुवा आपले पाय धुतो, रोज, दोन वेळा, आणि त्याला पत्ता नाही. महिनाभर मार्तंड त्या सुखात लोळला. पहाटे मुद्दाम पांघरुणाबाहेर पाय काढून पडायचा. त्याची बायको सगुणाबाई सकाळी अंथरूण पिळून वाळत घालायची.

"अहो, वैद्याला दाखवा तरी," ती एकदा म्हणाली. "असं पानी पायातून येतं का कुटं?"

"गप बैस. तुला न्हाई कळायचं."

पण देवळात नुसतं पाणी आणि चंदन येत नाही. माणसंही येतात, आणि खडावांवर कपाळं टेकून रडतात. ती कपाळं मार्तंडाला पायांवर जाणवू लागली. कुणाचं जड, कुणाचं तापलेलं, कुणाचं थरथरणारं. शेतात चालताना मध्येच पाय जागीच धरले जायचे, माणूस उठेपर्यंत सुटायचे नाहीत. चैत्रात गावातल्या तुळजाबाईनं आपली तापानं फणफणलेली नात खडावांवर निजवली. बुवा बरं करतील म्हणून तीन दिवस तिथंच ठेवली. तीन दिवस मार्तंडाचे तळवे पोळत होते. त्या पोरीचं वजनसुद्धा त्याला कळत होतं. चौथ्या दिवशी दुपारी ते पोळणं एकाएकी थांबलं आणि पाय गार पडले.

गावात रडणं उठायच्या आधी मार्तंडाला समजलं होतं. बुवा असते तर पोर जगली असती, असं त्याला वाटलं, आणि तो पहिल्यांदा रडला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बुवांच्या खडावा पदराआड धरल्यासारख्या उपरण्याखाली घेऊन तो देवळात गेला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण गाभाऱ्यात काळोख. ओल्या चुन्याचा आणि विझलेल्या वातीचा वास. कुठंतरी पाणी थेंब थेंब ठिबकत होतं. भुजंग ओट्याशी बसला होता. मार्तंडानं सगळं सांगून टाकलं.

भुजंग हलला नाही.

"मला ठावं हाय, मार्तंडभाऊ."

"कवापासून?"

"बसवल्या त्याच दिवशी. बुवा डावा पाय वढत चालायचे. डावी टाच झिजलेली पायजे... या सारख्या झिजल्यात."

"मंग... बोलला का न्हाईस?"

भुजंगानं हात पुढे केला. बुवांच्या खडावा घेतल्या आणि छातीशी धरल्या.

"सहा वर्सांत बुवांच्या पायाला हात लावू दिला का तुमी मला? पानी तुमी, तेल तुमी, चेपायला तुमीच. म्या दारात उभा राहून बघत व्हतो... बुवा माज्या मांडीवर गेले, तवा बी त्यांचे पाय माज्यापासून दूरच व्हते."

"भुजंगा, चुकलं माझं. त्या काढ, अन् या बसव."

"आता न्हाई काढता येत. प्रान भरलेत त्यात. काढायच्या म्हंजी गंगेत सोडाव्या लागत्यात..." त्यानं मार्तंडाच्या पायांकडं पाहिलं. "तुमी जाताल का गंगेत?"

भुजंगानं बुवांच्या खडावा आपल्या अंगरख्यात घातल्या, तांब्या उचलला आणि ओट्यावरच्या खडावांवर पाणी ओतलं. उंबऱ्याशी उभ्या मार्तंडाचे पाय त्याच्या डोळ्यांदेखत ओले झाले.

"दार लावून घ्या, भाऊ," भुजंग हळूच म्हणाला. "दुपारची पूजा हाय. देव जाग्यावर पायजे."

मार्तंडानं बाहेर पडायला पाय उचलू पाहिला. उचलला गेला नाही.

संध्याकाळी सगुणाबाई शोधत आली तेव्हा भुजंगबुवा पायरीवर शांत बसले होते. इकडं कुणी आलंच न्हाई, म्हणाले. बाईनं गावोगाव तपास केला, पार परतूरपर्यंत जाऊन आली. मार्तंड सापडला नाही.

देऊळ अजून आहे. भुजंगबुवांच्या मागं त्यांच्या शिष्यांकडं पूजा गेली, आणि तिची रीत त्यांनी घालून दिली तशीच चालते. पहाटे स्नान, दुपारी स्नान, मग तेल आणि चंदन. फक्त दर अमावास्येला सकाळी पुजारी गाभाऱ्याचं दार आतून लावून घेतो. कशासाठी, ते तो सांगत नाही आणि गावही विचारत नाही. जाताना सोबत दिवा नेतो, कोमट पाणी नेतो, आणि न्हाव्याकडं असते तसली नखं काढायची नराणी नेतो.