समितीतला वकील

"औषधांच्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या त्या समितीतल्या वकिलाला एकदा गाठायचंच आहे मला!" हातातली फाईल रुग्णालयातल्या बाकावर आपटत ती शेजारच्या माणसाला म्हणाली.

"गाठलंत की," तो हसला. "मीच तो."

झाली पंचाईत! पण ती तरुण डॉक्टर मागे हटणाऱ्यांतली नव्हती. "मग सांगा, फिट्सच्या औषधाच्या माझ्या चाचणीतून गरोदर बायकांना का वगळलंत?"

"बाळाला धोका नको म्हणून."

"माझ्या ताईला कुणीच सांगू शकलं नाही, गोळी चालेल की नाही. घाबरून बंद केली, फिट आली... बाळ गेलं. हा धोका नव्हे?"

त्याने तिच्या फाईलमधला, गरोदर बायकांनाही चाचणीत घेण्याचा अर्ज चाळला. "इथे नवऱ्याच्या सहीची जागा कशाला? पोट तिचं, संमतीही तिचीच हवी ना?"

सवयीने छापलं गेलं होतं! ती कानापर्यंत लाल झाली. पुढचे तीन महिने अर्ज त्याच्याकडे जायचा, शेरे मारून परत यायचा. दर गुरुवारी त्याच बाकावर दोघं कडाकडा भांडायची. एका गुरुवारी तो आला नाही, तर तिला चहासुद्धा गोड लागेना.

बैठकीत सातपैकी चार मतं हवी होती. त्याचं धरून बरोब्बर चार होत होती.

"अर्जदाराशी कुणाचे हितसंबंध?" अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं.

त्याने हात वर केला. "माझे... म्हणजे अजून नाहीत. पण जडावेत अशी फार इच्छा आहे." आणि तो सरळ बाहेर निघून गेला.

तिला रडावं की हसावं कळेना. एक मत तर गेलं!

"बाळाला काही झालं तर?" सगळ्यांत कडक प्राध्यापकांनी विचारलं.

"तर जबाबदार मी. त्याची नोंद होईल, पुढची बाई सावध होईल. आज बाळं जातात, सर, आणि कुणी काही शिकत नाही."

अध्यक्षांनी मतं मागितली. तीन हात वर गेले. मग प्राध्यापकांचाही हात वर गेला. चौथा.

बाहेर तो ताडकन उठला. "काय झालं?"

"मंजूर! पण भर बैठकीत? आधी मला सांगता येत नव्हतं?"

"आधी विचारलं असतं, तर माझ्या मताची भीड पडली असती तुम्हाला. आता नाही म्हणायला मोकळ्या आहात."

तिचे डोळे भरून आले.

"मोकळी आहे, म्हणूनच हो म्हणतेय," ती म्हणाली. "चल, आधी ताईला सांगू या... दोन्ही बातम्या."