अंगठा जिकडे, दोरी तिकडे

गोराईच्या खाडीत पिसाच्या गळाने जिताडा मासा धरायचा, एवढ्याचसाठी १९८६ सालच्या त्या रविवारी मी आणि चाळीतला शेजारी सहदेव मालाडहून निघालो. गळाची काठी मला कारखान्यातल्या साहेबांनी निवृत्त होताना दिलेली. गळ सहदेवने बनवलेला, कोंबड्याच्या पिसांचा, अख्ख्या मोहिमेत एकच! सहा महिने मी चाळीच्या गच्चीवर दोरी फेकायचा सराव केला होता आणि त्यात सहदेवच्या बायकोचे, शेवंतीवहिनींचे, वाळत घातलेले पापड दोनदा उडवले होते.

होडी कृष्णाबाईंची. याच खाडीत जन्म काढलेल्या कोळीण. मी काठी मागेपुढे हलवू लागलो तशा त्या खो खो हसल्या.

“मासं धरतंस का कावलं हाकतंस?”

“मावशी, गळाला वजनच नाही. वजन दोरीचं! ती मागे सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. आणि अंगठा जिकडे, दोरी तिकडे!” मी ऐटीत सांगितलं.

ती ऐट तिसऱ्याच फेकीला उतरली. दोरी काठावरच्या तिवरांच्या झाडीत अडकली. मी हिसका दिला, टोक तुटलं आणि गळ आत फांदीवरच राहिला.

“मी काडून हाडतंय,” म्हणत सहदेव तिवराच्या मुळांवर उतरला.

“खाली पाय ठेवू नको!” कृष्णाबाई ओरडल्या.

“आमच्या खाडयेत ल्हानपणापासून उतारतंय मी. काय्येक होवचा नाय!”

त्याच्या गावच्या खाडीला तळाशी वाळू. इथे नुसता गाळ! त्याने गळ काढून टोपीत खोचला, खाली उडी मारली आणि कंबरेपर्यंत रुतला. हलला, तसा आणखी खाली गेला. भरती सुरू झाली होती.

होडी तिवरांत शिरेना. कृष्णाबाईंनी जाड दोर फेकला, तो निम्म्या वाटेतच फांद्यांवर पडला. अंतर वीस हात, आणि मधे जेमतेम वल्ह्याएवढी फट. पाणी सहदेवच्या छातीला लागलं. शेवंतीवहिनींना काय तोंड दाखवू?

मी काठी उचलली. सगळा जोर लावून दोरी फेकली. फांदीवर! पुन्हा फेकली. डावीकडे! दोरी सोडवता सोडवता पाणी त्याच्या गळ्याशी आलं.

“आरं, तुजा आंगठा तिवराकडं हाय! मगाशी मला काय शिकवलंस?”

मला लाज वाटली आणि हात शांत झाला. कोपर अंगाशी घेतलं. काठी मागे नेली. कानाशी थांबवली. सहदेव हनुवटी वर करून श्वास घेत होता, तरी मी थांबलो. मागे दोरी ताणल्याचं मुठीला कळलं. आता! अंगठा थेट त्याच्या नाकावर रोखला.

दोरी सळसळत गेली, फटीतून आत शिरली आणि त्याच्या डोक्यावर पडली!

तिच्या मागच्या टोकाला आम्ही जाड दोर बांधला. सहदेवने तो ओढून घेतला, काखेखालून बांधला आणि कृष्णाबाईंनी सांगितलं तसा पाण्यावर पालथा पडला. आम्ही दोघांनी ओढला. एक पाय सुटला. मग दुसरा!

होडीत येऊन तो धापा टाकत पडला. मग त्याने टोपी चाचपली. गळ तिथेच होता! तेवढ्यात दहा हातांवर पाणी फुटलं आणि चंदेरी पाठ चमकली.

“जिताडो! दत्ताराम, फेक मरे!”

फेकायला माझा हात मोकळा नव्हता. मी त्याची कॉलर धरली होती, आणि गोराईचा धक्का येईपर्यंत ती सोडली नाही.