लांडगीवरचा आळ

सकाळी आठच्या सुमाराला ती बाई आली, तेव्हा वहिनी चष्मा पुसत बसल्या होत्या आणि भाऊजी शब्दकोड्याशी झुंजत होते.

नवरा वारल्यावर त्याची खाजगी तपासाची कचेरी वहिनींनी बंद न करता स्वतःच चालवायला घेतली होती. टपालखात्यातून निवृत्त झालेला दीर सोबतीला होता. तो हाक मारी म्हणून सगळेच त्यांना वहिनी म्हणत. भाऊजींच्या डोक्यात प्रकाश जरा उशिरा पडे, पण त्यांच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. दिसलेल्याचा अर्थ लावायचं काम ते वहिनींवर सोपवत.

बाईच्या तळहातांवर लोकर कातरून पडलेल्या चिरा होत्या. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"माझ्या दादाला लांडगीनं मारलं, असं गाव म्हणतंय," ती म्हणाली. "आज तीन वाजता सगळे बंदुका घेऊन डोंगरावर निघणार आहेत. त्याच्या आधी मला खरं काय ते कळायला हवं."

तिघं भावंडं. थोरला गेला, ही मधली, आणि एक धाकटा. सगळे मेंढपाळ. थोरला आणि मधली एकाच घरात राहत, त्यांचा कळप एक. धाकट्याचं घर आणि मेंढ्यांचा वाडा वेगळा. गावामागच्या डोंगरावर एक लांडगी बरीच वर्षं राहत होती. सात वर्षांपूर्वी थोरल्यानं घरोघर फिरून गावाला एका गोष्टीवर राजी केलं होतं: मेलेलं जनावर पुरायचं नाही, ओढ्यापलीकडच्या पडीक रानात नेऊन टाकायचं. लांडगी तिथं खाईल, वाड्यात येणार नाही, आणि तिच्यावर कुणी बंदूक उचलणार नाही. दर हिवाळ्यात दोन-चार कोकरं जातच आणि लोक कुरकुरतच. पण करार टिकला होता.

परवा दुपारी थोरला घरातून निघाला तो परतलाच नाही. काल सकाळी पडीक रानात तो धाकट्याला मरून पडलेला सापडला. गळा फाटलेला होता. चौकीतल्या शिपायानं वहीत 'वन्य प्राणी' लिहिलं. शवविच्छेदनाची सोय असलेलं मोठं इस्पितळ दिवसभराच्या वाटेवर, तेव्हा कुणी जास्त चौकशी केली नाही. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं.

"अंघोळ कुणी घातली?"

"मीच."

वहिनींनी तिला काय काय दिसलं ते सावकाश विचारून घेतलं. गळ्याची जखम मोठी होती, पण सदऱ्यावर रक्त जेमतेम. सदऱ्याची पाठ मात्र तेलकट झालेली. मेंढ्यांच्या गोचिडाच्या औषधाचा वास त्याला इतका, की तीनदा धुऊनही गेला नाही. ओठांच्या कडेला फेस सुकला होता. डोळे मिटताना तिला दिसलं होतं की बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढा झालाय.

"आणि हा त्याच्या गळ्यातला मफलर," ती म्हणाली. तिनंच विणलेला. थंडी असो नसो, तो दोन वेढे देऊन बांधायचा. वहिनींनी तो उजेडात धरून पाहिला. कुठं एक धागा तुटला नव्हता.

दोन तासांचा घाट चढून गाडी गावात पोचली. आभाळ सकाळपासून भरलेलंच होतं.

सगळ्यात आधी ते दोघं गावातल्या शिकाऱ्याकडे गेले. तो ओट्यावर बंदूक साफ करत होता. त्यानं आडपडदा ठेवला नाही. थोरल्याशी त्याचं वाकडं होतं. त्याच्यापायी सात वर्षं ही बंदूक खुंटीला लटकली होती. प्रेत उचलायला जे गेले त्यांत तोही होता.

"कसा पडला होता?" वहिनींनी विचारलं.

"उताणा. झोपल्यासारखा. डोक्याखाली मफलरची घडी."

"तुम्हाला ते विचित्र नाही वाटलं?"

शिकाऱ्यानं नळीतून आरपार पाहिलं. "गाव म्हणालं लांडगी. सात वर्षांनी गाव माझ्यासारखं बोलायला लागलं, मी कशाला नाही म्हणू?"

जनावरांचे डॉक्टर दवाखान्यात एका शेळीचा पाय बांधत होते. शिपायाच्या आग्रहावरून त्यांनी प्रेताकडे ओझरतं पाहिलं होतं, गळ्याखेरीज काही तपासलं नव्हतं, आणि त्याची त्यांना आता टोचणी लागलेली दिसत होती. गोचिडाच्या औषधाबद्दल मात्र ते भरभरून बोलले. पंधरा दिवसांपूर्वी गावातल्या प्रत्येक मेंढपाळाला त्यांनी एकेक डबा दिला होता. भरपूर पाण्यात मिसळून मेंढ्या त्यात बुडवायच्या, आठवड्यात एक गोचीड राहत नाही. डबा हाताळताना रबरी हातमोजे घालायचे, हे त्यांनी प्रत्येकाला बजावलं होतं. शिकाऱ्याला दिला होता का, असं वहिनींनी विचारलं. त्याच्याकडे मेंढ्याच नाहीत, डॉक्टर म्हणाले.

धाकटा त्याच्या वाड्यात होता. तिशीचा, पण दोन रात्रींत म्हातारा झाल्यासारखा. गेल्या महिन्यात लांडगीनं त्याचा कुत्रा मारला होता. बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. त्याबद्दल तो वहिनींच्या डोळ्यांत बघून बोलला. दादाबद्दल बोलताना तो खाली बघत होता. काल उजाडल्यावर शोधायला गेलो, तसाच पडलेला दिसला, हात न लावता गावाला हाक दिली, एवढंच त्यानं सांगितलं.

"जागा कमी पडते वाटतं यांना," बाहेर पडताना भाऊजी म्हणाले. "सारख्या खांबांना अंग घासतायत. वाटेतल्या वाड्यांतल्या तर निवांत होत्या."

खांबांवर लोकरीचे पुंजके चिकटले होते. अंगणात सगळीकडे चिखल आणि लेंड्या होत्या. कोपऱ्यातली एकचाकी ढकलगाडी तेवढी लख्ख धुतलेली होती.

मधली त्यांना पडीक रानात घेऊन गेली. चार दिवसांपूर्वी धाकट्याची एक मेंढी मेली होती आणि त्यानं ती तिथं आणून टाकली होती. आता तिथं मेंढी नव्हती. गवतात दोन कावळे मरून पडले होते. ओल्या मातीत एका चाकाची रेघ खडकांकडे गेली होती, आणि खडकांपाशी माती नुकतीच भरलेली दिसत होती.

वहिनींनी घड्याळ पाहिलं.

तीन वाजता विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत पंधरा-वीस माणसं जमली होती. डॉक्टर होते, शिपाई होता, धाकटा एका बाजूला उभा होता.

"लांडगी गळा धरते तेव्हा मफलर सोडून ठेवत नाही," वहिनींनी सुरुवात केली. "मफलर शाबूत आहे. म्हणजे आधी तो कुणीतरी सोडला, जखम नंतर झाली. रक्त जवळजवळ नाही. म्हणजे जखम झाली तेव्हा माणूस मेलेला होता."

मग कशानं मेला, डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा. ओठांवर फेस, बुबुळाचा ठिपका मोहरीएवढा, आणि पाठ गोचिडाच्या औषधानं भिजलेली."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते औषध तसंच, पाणी न घालता, कातडीतून अंगात गेलं तर हेच होतं, ते म्हणाले. हे आपल्याला दिसायला हवं होतं.

"पडीक रानातल्या मेंढीवर कुणीतरी ते ओतलं होतं, लांडगीसाठी. आधी कावळे मेले. थोरल्यानं ते पाहिलं आणि ओळखलं. लांडगी यायच्या आत पुरून टाकावी म्हणून त्यानं ती मेंढी खांद्यावर घेतली. खडकांकडे नेता नेता औषध त्याच्या पाठीवर झिरपत राहिलं, आणि तो वाटेतच कोसळला."

शिकारी धाकट्याकडे बघू लागला होता.

"सगळ्यांना औषध मिळालं, सगळ्यांच्या मेंढ्या शांत आहेत. एकाच वाड्यातल्या अजून खांबांना अंग घासतात. त्या वाड्यातलं औषध मेंढ्यांच्या अंगाला लागलंच नाही. मेंढी त्याच वाड्यातली होती. ती पुरायला नेली ती गाडी धुतलेली आहे. खड्डा उकरलात तर मेंढी सापडेल."

धाकट्यानं नाकारलं नाही. कुत्र्यासाठी केलं, तो म्हणाला. दादा मेंढीला हात लावेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. मेला हे कळल्यावर डोकंच चालेना. विषाची गोष्ट उघडी पडेल या भीतीनं कातरीनं गळा फाडला.

भाऊजींनी हळूच विचारलं, "म्हणजे हा अपघातच म्हणायचा ना, वहिनी?"

मधली वहिनींकडे बघत होती आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"मफलर डोक्याखाली होता," त्या म्हणाल्या. "घडी घालून. मेलेल्या माणसाला उशी कोण देतं, भाऊजी?"

मधली भावाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"जिवंत होता?"

धाकट्यानं होकारार्थी मान हलवली.

"किती वेळ?"

"दिवस मावळेपर्यंत. लांडगीनं मेंढी खाल्ली का बघायला गेलो, तेव्हा तो पडलेला दिसला." तो मातीकडे बघून बोलत होता. "डॉक्टरांना बोलवायला दोनदा उठलो. दोनदा परत बसलो. गावानं मला काय म्हटलं असतं, ताई."

"काही बोलला का तो?"

"त्याला उचलायला गेलो, तर म्हणाला, मला हात लावू नकोस. लावला असशील तर आधी हात धुऊन घे."

मधलीनं त्याला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. शिपाई पुढं झाला तेव्हा ती नुसती बाजूला सरकली. माणसं एकेक करून घरी गेली. शिकाऱ्यानं काडतुसं काढून खिशात टाकली.

महिन्याभरानं तिचं पत्र आलं. मेंढी पुरायच्या आधी लांडगी एकदा येऊन गेली असावी. धाकट्याला नेलं त्याच्या चौथ्या दिवशी ती गुहेच्या तोंडाशी मेलेली सापडली. दोन पिल्लं होती, त्यांचं काय झालं ते कळलं नाही. दोन्ही कळप आता मधली एकटीच चारते. गावात पुन्हा बैठक झाली, पण काय ठरवायचं तेच कुणाला सुचेना, आणि लोक उठून गेले.

भाऊजींनी पत्र घडी करून पाकिटात ठेवलं.

"धाकट्याबद्दल काही नाही लिहिलं?"

"आहे ना, मागच्या बाजूला," वहिनी म्हणाल्या. "तुरुंगात भेटीचा वार असतो, त्या दिवशी ती जाते. समोर बसते आणि वेळ संपली की उठते. अजून एक शब्द बोललेली नाही."

"मग जाते कशाला?"

"तेच तिनं मला विचारलंय," वहिनी म्हणाल्या, आणि उत्तर लिहायला त्यांनी कागद पुढं ओढला.