तिसऱ्या नंबरचा ठोका

या, असे जवळ सरका. मोबाइल उलटा ठेवा. ही गोष्ट अर्धवट कानानं ऐकायची नाही.

माउलीची आण घेऊन सांगतो, यातलं काही रचलेलं नाही. ज्यांच्यावर बेतलं त्यांच्याच तोंडून ऐकलंय, आणि ते खोटं बोलणाऱ्यातले नाहीत.

दोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष. गुरुवार. गाव गोरेगाव, जिल्हा हिंगोली.

आणि वेळ रात्रीची नव्हती...

लख्ख ऊन पडलेली दुपार होती.

जहांगीरभाई मिस्त्रीचं सेनगाव रस्त्याला पत्र्याचं शेड आहे. तीस वर्षं डिझेल इंजिनात हात. आमच्या सप्ताहाचं जनरेटर तेच सांभाळतात. कीर्तन रंगलं की मंडपामागं उभं राहून पान्यानं डब्यावर ठेका धरतात.

त्या दुपारी शेषराव आपली जुनी डिझेल गाडी घेऊन आला. गाडी अशी थडथडत होती की आरशात तोंड दिसेना.

"जहांगीरभाई, एवढा हादरा बंद करून दे. सोमवारपासून शाळेची लेकरं न्यायचीत. पंधरा लेकरं."

"आन गाडी ओढून राहिली का बराबर?"

"चढाला जरा मरते. पण लेकरं काय, हलकीच असतेत!"

शेषराव हसला. जहांगीरभाई हसले नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

कारण हीच गाडी आषाढात आली होती. हीच तक्रार घेऊन. तिसऱ्या सिलिंडरचा नोझल, म्हणजे आत डिझेल फवारणारी तोटी, गेलाय, बदला, असं त्यांनी बजावलं होतं. शेषराव म्हणाला होता, "हादरा तेवढा दाब, बाकी चालतंय."

आणि त्यांनी दाबला होता. इंजिनाच्या खाली जुन्या टायरचा तुकडा सारला. हादरा सीटपर्यंत पोचेना. रोग मात्र आत तसाच.

आता तो तुकडा झिजून पडला होता.

"या बारीला रबर न्हाई," ते म्हणाले. "रोग काढीन, न्हाईतर गाडी देणार न्हाई."

"अरे बाबा, तू मिस्त्री हायेस का डाक्टर?"

"तुमी तिकडं बाकड्यावर बसा. तोंड बंद ठेवून बसा."

चार सिलिंडर म्हणजे चार टाळकरी. एक चुकला की अख्खं भजन डगमगतं. कोण चुकतोय हे कळायची एक रीत आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेकाचा डिझेलचा पाइप सैल करायचा. आवाज पडला, तर तो काम करत होता. काहीच फरक पडला नाही...

तर तो मेलेला.

पहिला सैल केला. आवाज पडला.

दुसरा. पडला.

चौथा. पडला.

तिसरा...

काहीच नाही.

अपेक्षाच होती. जहांगीरभाईंनी नवा नोझल बसवला. गाडी सुरू केली.

तीच थडथड.

सिलिंडरातला दाब मोजला. बराबर. पाइपाला डिझेल येत होतं, तेही बराबर. दुसऱ्याचा नोझल तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा दुसऱ्याला लावून पाहिला. दुसरा चालतच राहिला, तिसरा मेलेलाच.

जे जे लागतं ते सगळं तिथं होतं. फक्त ठोका नव्हता.

मग त्यांनी लांब पेचकस घेतला. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. पहिल्यात लोखंडाचा आवाज. दुसऱ्यात लोखंडाचा. चौथ्यात लोखंडाचा.

टोक तिसऱ्यावर ठेवलं...

थप. थप. थप.

मग एक जागा रिकामी.

थप. थप. थप.

लोखंड नव्हतं ते. मऊ होतं. तळहातासारखं.

त्यांनी पेचकस कानापासून काढला. हात काळा, तेलकट, पण त्यावरचा केस न केस उभा होता. हा ठेका कुठंतरी ऐकलाय... एवढंच त्यांना वाटलं.

"काय झालं?" शेषरावानं विचारलं.

"बसा गाडीत. चालवून बघू."

स्टेअरिंगवर जहांगीरभाई. शेजारी शेषराव. मागची सीट रिकामी.

गाव संपेस्तोवर गाडी नीट चालली. ओढा ओलांडला. पुढं चढ लागला...

आणि गाडीतलं बळच गेलं.

ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, आणि गाडी पायी चालणाऱ्या माणसासारखी. मग पहिल्या गिअरलाही जागची हलेना. काळा धूर. दारं, काचा, सगळं थडथडायला लागलं.

तेवढ्यात त्यांच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी हात मारला.

थप. थप. थप.

"शेषराव, काहून ठोकून राहिले?"

शेषरावाचे दोन्ही हात मांडीवर होते.

थप. थप. थप... आणि एक रिकामी जागा.

आता त्यांना ओळख पटली. सप्ताहात बायकांत पुढं बसणारी धुरपताबाई अशीच टाळी धरायची. तीन वाजवायची, चौथी सोडायची. दरसाल जनरेटरपाशी भाकरी आणून द्यायची. म्हणायची, "जहांगीरा, कीर्तन काय मागून ऐकायची गोष्ट हाय का? पुढं ये की मेल्या!"

धुरपताबाई श्रावणात गेली होती. शेतात साप डसला. गाडी चिखलात रुतली, दवाखान्यात पोचायला उशीर झाला, असं गावाला माहीत होतं. गाडी कुणाची, हे जहांगीरभाईंनी कधी विचारलं नव्हतं.

जहांगीरभाईंनी मान वळवली. मागं कुणी नव्हतं.

"शेषराव," ते हळू बोलले. "धुरपताबाईला कोणत्या गाडीत नेलतं?"

शेषराव काचेबाहेर बघायला लागला.

"बोल! कोणत्या गाडीत?" तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शेषरावाला अरेतुरे केलं.

"याच... याच गाडीत. शेतात दुसरं कुणी नव्हतं. ती एकटीच मागं होती."

"चिखल कुठं होता?"

"चिखल नव्हता रे! गाडी चढलीच न्हाई! अर्धा तास हितंच... ती मागून सीटवर हात मारून राहिली, लवकर चल बाबा, लवकर चल... मग हात थांबला."

"आन त्याच गाडीत तू पंधरा लेकरं घालून राहिला? हलकी असतेत म्हनं! लाज न्हाई वाटली तुला? अरे, माणूस हायेस का कोण हायेस?"

शेषराव दार उघडून उतरला आणि गावाकडं पळत सुटला. चप्पल निसटली, ती घ्यायलाही वळला नाही.

जहांगीरभाईंनी चावी फिरवली. चावी हातात आली...

इंजिन चालूच.

ते उतरले. बॉनेट उघडलं. खिशातला पाना काढून पहिला पाइप पुरता सोडवला. आवाजात फरक नाही.

दुसरा सोडवला. फरक नाही.

चौथा. तिसरा.

चारी पाइप रस्त्यावर पडले. डिझेल मातीत वाहून गेलं. जाळायला आत थेंब नव्हता.

आणि इंजिन चालत होतं. तीन ठोके, एक रिकामा. तीन ठोके, एक रिकामा...

जहांगीरभाईंचा राग तेव्हाही उतरला नव्हता. पण आता तो पळणाऱ्या शेषरावावर नव्हता. त्यांनी स्वतःच्या तोंडावर दोन्ही हातांनी मारून घेतलं.

"बाई, रबर म्या घातलं! गाडी बोंबलून सांगत होती आन म्या तिचं तोंड दाबलं. अल्लाची कसम, हिच्यात एक लेकरू बसणार न्हाई. तुझ्या रविंद्रला आजच जाऊन सांगतो. समदं सांगतो."

ठोके थांबले.

रिकाम्या जागेवरच थांबले.

चारी पाइप घेऊन ते चालत रविंद्रच्या घरी गेले. तो धुरपताबाईचा मुलगा. आईला साप डसला त्या दिवशी तो हिंगोलीच्या बाजारात होता आणि आईचा फोन त्याला ऐकू आला नव्हता. आपल्यामुळं आई गेली, हेच तो इतके महिने उराशी धरून बसला होता.

सगळं ऐकून तो उठला. त्यानं जहांगीरभाईंच्या थोबाडीत मारली. मग त्यांनाच धरून ओक्साबोक्शी रडला.

शाळेला सगळं कळलं. लेकरांचं काम शेषरावाला मिळालं नाही. तो गाव सोडून गेला. कुठं गेला कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

गाडी अजून त्या चढाला उभी आहे. भंगारवाले दोनदा आले. दोन्ही वेळा ट्रॅक्टर लावला, दोन्ही वेळा ट्रॅक्टर जागीच बंद पडला. जहांगीरभाई सेनगावला जायचं झालं तर लांबचा फेरा घेतात. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, पुन्हा विषय काढू देत नाहीत.

मागच्या महिन्यात मी स्वतः तिथं थांबलो. मनात हरिनाम घेतलं आणि बॉनेटवर हात ठेवला.

गरम होतं. उन्हानं तापलं असेल म्हणाल... तर त्या दिवशी सकाळपासून आभाळ गच्च होतं.

हात मी लगेच काढून घेतला. खाली काय लागलं ते माझं मला माहीत. अजून कीर्तनात टाळी वाजवताना मधेच हात थबकतो.

एवढंच मागतो. तुम्ही त्या रस्त्यानं गेलात, किंवा कुठल्याही चढाला तुमची गाडी कुरकुरली, तर एकदा धुरपताबाईची आठवण काढा. तिला चढ ओलांडून पलीकडं जायचं होतं.