तीळचं डावं-उजवं

"बस आता. बस म्हटलं ना," मी वैतागून म्हणाले, आणि समोरून धावत येणारी एक काळी-पांढरी कुत्री मटकन खाली बसली.

मी हे कुत्रीला म्हटलं नव्हतं. नाशिकहून फोनवर असलेल्या माझ्या आईला म्हटलं होतं. मे महिन्यातला बँक हॉलिडे, मँचेस्टरच्या ऑफिसला सुट्टी. माझी फ्लॅटमेट तनया बरोबर येणार होती, पण तिने आयत्या वेळी टांग दिली. मग मी रागारागाने एकटीच ट्रेन पकडून डर्बीशायरच्या डोंगरांत, अपर थॉर्ली नावाच्या खेड्यात येऊन पोचले. एक चर्च, एक पब, ओळीने उभी काही दगडी घरं, की संपलं गाव. पुढे नुसती हिरवी कुरणं, आणि त्या कुरणांतून सगळ्यांना चालायला मोकळी असलेली पायवाट. त्या वाटेवरच्या उघड्या फाटकात उभी राहून मी आईशी हुज्जत घालत होते. विषय नेहमीचाच. ऑगस्टअखेर प्रोजेक्ट संपतोय ना, मग पुण्याच्या ऑफिसला परत ये, स्थळं बघायला लागू.

"त्यापेक्षा तूच ये ना इकडे," मी म्हणाले.

कुत्री उठली आणि शेपूट हलवत माझ्या पायाशी आली. तिने हाकत आणलेल्या मेंढ्या मोकळ्या सुटल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंनी फाटकाबाहेर, थेट रस्त्यावर गेल्या. तेवढ्यात टेकडीवरून कुणीतरी ओरडलं, "तीळ, उजवीकडे. उजवीकडे जा."

मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले... डर्बीशायरमध्ये? उजवीकडे?

गंमत म्हणजे, कुत्री डावीकडे गेली. वळसा घालून मेंढ्यांच्या पुढे पोचली आणि सगळ्यांना निमूट परत घेऊन आली. मागोमाग गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट घातलेला, केस विस्कटलेला, दम लागलेला एक तरुण आला. सावळा, उंच, आणि हसताना डोळे बारीक करणारा. हे सगळं मी एका नजरेत टिपलं, कबूल करते.

"Sorry, so sorry. तुला लागला नाही ना?" मग तो थबकला. "Hang on... तू मराठी आहे?"

"आहेस," मी म्हणाले.

"मी? हो, मी पण आहेस."

"तसं नाही. 'तू मराठी आहेस' असं म्हणतात. आणि तुमची कुत्री डावीकडे गेली. तुम्ही उजवीकडे म्हणालात."

त्याने रस्त्याकडे पाहिलं, मेंढ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "But मेंढ्या परत आल्या ना?"

हुकूम चुकला आणि काम मात्र बरोबर झालं, हे मला पटेना. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पगारी उद्योग. त्यामुळे त्या दिवशी परतीची ट्रेन मी मुद्दाम चुकवली, असं कुणी म्हणू नये. चौकशी अपुरी राहिली होती, एवढंच.

चौकशीत कळलं ते असं. त्याचं नाव अंबरीश. गावाला ते पेलवत नाही, म्हणून गाव त्याला अॅम्ब्रोज म्हणतं. आई डॉक्टर, जन्म स्टॉकपोर्टचा. मुलाने डॉक्टर व्हावं असा घरचा बेत. मुलगा शेतकी शिकला आणि जॉर्ज नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे मेंढपाळ म्हणून रुजू झाला. जॉर्जचा कुत्रा इंग्रजी हुकूम ऐकतो. एकाच डोंगरावर दोन कुत्रे एकच भाषा ऐकायला लागले की कुणाला काय सांगितलं याचा गोंधळ होतो, म्हणून अंबरीशने आपल्या कुत्रीला मराठी शिकवलं. तिच्या नाकावर एक काळा ठिपका होता, त्यावरून नाव तीळ. गावाला वाटे, टील म्हणजे बदकाच्या जातीचा तो पक्षी. त्याने कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

आणि डावं-उजवं? त्याचा उलगडा पुढच्या रविवारी त्याच्या घरी जेवताना झाला. लहानपणी त्याची आई, अलका काकू, त्याच्या समोर बसून घास भरवायच्या. "हा बघ उजवा हात," म्हणत स्वतःचा उजवा हात उचलायच्या. समोर बसलेल्या पोराने आपला त्याच बाजूचा हात उचलला, आणि तो निघाला डावा. हॉस्पिटलच्या पाळ्या करून दमलेल्या बाईच्या ते लक्षात आलं नाही. इंग्रजीत त्याचं सगळं नीट होतं, मराठीत मात्र जग कायमचं आरशात गेलं. पुढे त्याने तेच मराठी तीळला शिकवलं.

"आपण तिला सुधारू या," मी म्हणाले.

"का? तिला सगळा येतो."

"सगळं येतं."

"See? तू पण तेच म्हणते."

मी दर शनिवारी जायला लागले. तनया विचारायची, त्या खेड्यात आहे तरी काय? मी तिला बांधांबद्दल सांगायचे. माती नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड बसवलेले बांध डोंगरभर पळतात. टेलिफोनच्या लाल खोक्यात आता जुनी पुस्तकं ठेवलीत आणि हवं ते घेऊन जा म्हणतात, हे सांगायचे. पाऊस येतोय की जातोय ते कळू नये अशी भुरभुर, ओल्या लोकरीचा वास, चोच वाकडी असलेला एक पक्षी संध्याकाळी लांबलचक शीळ घालतो, ते सगळं सांगायचे. अंबरीशबद्दल फार सांगायचे नाही. तिला तेवढ्यावरूनच सगळं कळलं होतं.

जूनमध्ये एकदा आम्ही चर्चमागच्या वाटेने चाललो होतो. वाटेत एक विचित्र फाटक लागलं. अर्धगोल कठड्यात अडकवलेलं, एका वेळी एकच माणूस पलीकडे जाईल असं. तो आधी गेला, मग फाटक धरून उभा राहिला.

"ह्याला किसिंग गेट म्हणतात," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"का?"

"कारण... दार खांबाला नुसता टेकतो. लॉक नाही होत. टच करतो, that's all. म्हणून."

"बरं," मी म्हणाले आणि पलीकडे आले. आमच्या मागून एक म्हातारं जोडपं येत होतं. आजोबा आधी पलीकडे गेले, फाटक धरून उभे राहिले आणि गाल पुढे केला. आजींनी सवयीने त्यांच्या गालावर ओठ टेकवले, तेव्हा कुठे त्यांनी वाट दिली. मी अंबरीशकडे पाहिलं. तो अतिशय लक्ष देऊन एक मेंढी बघत होता.

हा असा माणूस. डोंगरावर वादळात अडकलेलं कोकरू खांद्यावर टाकून आणेल, पण तोंडातून एक वाक्य काढायचं म्हटलं की त्याची दातखीळ बसते. इंग्रजीत तो सगळ्या गावाला हसवायचा. माझ्याशी मात्र हट्टाने मराठीतच बोलायचा आणि अर्ध्यावर अडायचा. मला त्याचं ते अडणंही आवडायला लागलं होतं. तो माझ्याकडे बघायचा ते बघणं खोटं नव्हतं. पण बघण्यावर किती दिवस काढायचे?

जुलैत मॅनेजरने विचारलं, पुण्याला परत जाणार की मँचेस्टरमध्येच दुसऱ्या टीममध्ये राहणार? उत्तर ऑगस्ट संपायच्या आत हवं होतं. मी अंबरीशला बांधावर बसवून सगळं सांगितलं. इतकं सोपं करून सांगितलं की तीळलाही समजलं असतं. त्याने फक्त 'थांब' म्हणायचं होतं.

त्याने गवताची एक काडी टोकापर्यंत सोलली. मग म्हणाला, "तुझा मर्जी."

"तुझी मर्जी," मी म्हणाले आणि उठून स्टेशनवर गेले. ट्रेनमध्ये रडले. रडताना हेही वाटलं, की किमान व्याकरण तरी नीट असायला हवं होतं.

नंतरचे दोन शनिवार मी गेले नाही. मग अलका काकूंचा फोन आला. गावाच्या जत्रेत, म्हणजे तिथल्या व्हिलेज शोमध्ये, मेंढ्या हाकायची स्पर्धा असते. दोन वर्षं तीळला तयार करून अंबरीशने यंदा नवशिक्यांच्या गटात नाव दिलं होतं, आणि नेमका सर्दीने त्याचा आवाज बसला होता. शिट्टीनेही कुत्र्याला हुकूम देता येतात, पण ती त्याला कधीच जमली नाही. "तुझ्याशिवाय त्या कुत्रीशी मराठीत बोलणारं कोण आहे इथे? मी होते, पण माझे गुडघे बघतेस ना," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तो तुला बोलवणार नाही, ऋजुता. तुझ्या करिअरच्या आड येईन असं वाटतं त्याला. गाढव आहे, पण मनाने चांगला आहे."

म्हणजे मर्जीचा अर्थ हा होता. मला त्याचा आणखीनच राग आला आणि मी पहिली ट्रेन पकडली.

मैदानावर तंबू लागले होते. केक, जॅम, राक्षसी आकाराचे भोपळे, चहाची रांग. जॉर्ज एका ट्रॉलीवर उभा राहून लाऊडस्पीकरवर बोलत होता. स्पर्धकाचं नाव बदलायला कुणाची हरकत नव्हती. अंबरीश गळ्याला मफलर गुंडाळून दोरीपलीकडे उभा होता. मला पाहून त्याचा चेहरा असा उजळला की मी रागावणंच विसरले. लगेच आठवणीने पुन्हा रागावले.

हुकूम देणाऱ्याने जिथे उभं राहायचं, त्या खुंटाजवळ मी जाऊन उभी राहिले. लांब, मैदानाच्या टोकाला पाच मेंढ्या, आणि त्यांना आणून कोंडायचं ते छोटं लाकडी आवार माझ्या बाजूला. तीळ माझ्याकडे बघत होती.

मेंढ्या डावीकडे पळायला लागल्या. त्यांना अडवायला तीळने डावीकडे जायला हवं होतं. घाबरल्यावर माणसाला स्वतःचीच भाषा आठवते. मी शाळेत शिकलेल्या शुद्ध मराठीत ओरडले, "तीळ, डावीकडे."

तीळ उजवीकडे गेली. दोन मेंढ्या दोरीखालून केकच्या तंबूकडे निघाल्या, लोक हसले. लाऊडस्पीकरवर जॉर्ज म्हणाला, बाई नवीन आहेत, सांभाळून घ्या. माझे कान तापले. तीळ मात्र गोंधळली नव्हती. तिने सांगितलं तेच केलं होतं. चुकले होते मी. ती ज्या भाषेत वाढली ती भाषा मी तिच्याशी बोलत नव्हते.

मी श्वास घेतला. "तीळ, उजवीकडे," मी म्हणाले, त्याच्या मराठीत.

ती सुटली. वळसा घालून, तंबूच्या कडेने, दोन्ही चुकार मेंढ्यांना घेऊन आली. "हळू." ती हळू झाली. "डावीकडे." उजवीकडे. "आता उजवीकडे, उजवीकडे." डावीकडे, डावीकडे. जीभ अडखळेना, डोकं मध्ये येईना. पाची मेंढ्या एकमेकींना चिकटून त्या छोट्या लाकडी आवाराच्या तोंडाशी आल्या, थबकल्या. "बस," मी अगदी पुटपुटले. तीळ बसली. पहिली मेंढी आत गेली आणि तिच्यामागून बाकीच्या. मी फाटक ओढून घेतलं.

केवढा गलका झाला. त्या दिवशी नवशिक्यांपैकी दुसऱ्या कुणाच्याच मेंढ्या आत गेल्या नव्हत्या. परीक्षक बाईंनी पहिल्या नंबरची लाल फीत तीळच्या गळ्यात अडकवली. जॉर्ज लंगडत आला आणि माझ्यासमोर माईक धरून विचारलं, ही भाषा कुठली?

"मराठी," मी म्हणाले. मग त्याच्या हातातून माईकच घेतला.

"अंबरीश," मी म्हणाले, आणि माझा आवाज चर्चपर्यंत गेला. "मी पुण्याला जात नाहीये. हे मी माझ्यासाठी ठरवलंय, तुझी परवानगी मागत नाहीये. पण तू 'थांब' म्हणशील म्हणून मी सगळा उन्हाळा वाट पाहिली आणि तू ढिम्म. म्हणून मीच सांगते. मला तू आवडतोस. खूप. माझं तुझ्यावर प्रेम आहे. आता तुझं काय ते सांग."

शेदीडशे माणसं नम्रपणे ऐकत होती. कुणालाही एक अक्षर कळलं नव्हतं. फक्त चहाच्या तंबूपाशी अलका काकू हातातला कप विसरून उभ्या होत्या.

"अरे, बघत काय बसलास," त्या म्हणाल्या. "जा की."

अंबरीश दोरीखालून वाकून आला. मफलर मागे दोरीतच अडकून राहिला. तो माझ्यासमोर उभा राहिला, बोलायला गेला. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. इंग्रजीत दोन शब्दांत सुटला असता, तरी त्याने इंग्रजी काही वापरलं नाही. माझा हात धरून, माईक जवळ ओढून, घोगऱ्या, फाटक्या आवाजात तो म्हणाला, "माझी पण... प्रेम आहे, ऋजुता. खूप मोठा."

एका प्रेमाला त्याने दोन लिंगं लावली होती, आणि दोन्ही चुकीची. मी त्याच्या ओल्या डोळ्यांकडे पाहत राहिले. मग सगळ्या गावादेखत, कुठलंही फाटक मध्ये नसताना, टाचा उंचावून त्याच्या गालावर ओठ टेकवले. आता मात्र गावाला सगळं कळलं आणि टोप्या उडाल्या.

जॉर्जने माईक परत घेतला. लोकांना सांगायला हवं, म्हणाला, हा पोरगा बोलला तरी काय?

"अगदी बरोबर बोलला," मी सांगितलं.