पीळ सुटलेली केबल

केबलच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. कराडजवळच्या मलकापुरात ऑफिसांमध्ये कॉम्प्युटरचं नेटवर्क बसवायचा माझा धंदा. गिऱ्हाईक म्हणतं, "कृष्णातराव, तार ती तार, स्वस्तातली टाका." मी म्हणतो, मग सुतळीच बांधा की! केबलीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. बाहेरचा गोंगाट आत येऊ देत नाही तो पीळच. पीळ गेला की केबल मेली म्हणून समजा.

आटपाडीला डाळिंबाच्या एका कंपनीचं नवं ऑफिस होतं. भिंतीपलीकडं शीतगृहाच्या मोटारी धडधडत होत्या, म्हणून मी मुद्दाम निखळ तांब्याची, आत धातूच्या वर्खाचं वेष्टण असलेली केबल निवडली. मला घाईही होती. किती नवससायास करून क्रांतीला दिवस गेले होते, आता सातवा लागला होता. घरी गेलो की आधी तिच्या पोटावर हात ठेवायचा, मगच चहा. बाळ अशी लाथ हाणायचं की बस्स! दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

पहिल्याच दिवशी भिंतीतल्या पाइपात केबल सारत होतो. ती माझ्या मुठीत हळूच फिरली. उलटी. पलीकडून कुणी पीळ सोडवत असल्यासारखी.

"अर्जुना, नुसती ओढ की लेका! पिरगाळतोस कशाला?" मी ओरडलो.

माझा भागीदार अर्जुना माझ्या पाठीमागनं पाण्याची बाटली घेऊन आला. "कुणाला बोलतोयस रं?"

मी हसलो. केबल गुंडाळीतून सुटताना फिरतेच, त्यात काय एवढं? संध्याकाळी घरी गेलो, क्रांतीच्या पोटावर हात ठेवला, चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी अर्धं ऑफिस चालेना. केबल उपसून वरचं साल सोललं, तर आतल्या तारा सरळ. शेवयांसारख्या शेजारी शेजारी पडलेल्या. मधेच कापून बघितली, तिथंही तेच. सालीवर साधा ओरखडा नव्हता.

"बनवणाऱ्यानंच फसवलं!" मी चार शिव्या हासडल्या.

"आरं, पण खोक्यातल्या केबलीला पीळ हाय की गड्या," अर्जुना म्हणाला.

खरंच होता. मी तीच घालून बघितली, ती सरळ झाली. साताऱ्याहून तातडीनं दुसरी जाड केबल मागवली, दुपारी आली, तीही सरळ. वैतागून मेलो. मग अर्जुना खाली मान घालून म्हणाला, "राग मानू नगंस. म्या वढलेल्या समद्या चालत्यात. तू वढलेल्या तेवढ्या..."

 तो माझ्या हातांकडं बघत राहिला.

मी हात पँटला पुसले आणि सामान गाडीवर चढवलं. सुंभानं बांधायला लागलो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं आई म्हणायची. गाठ मारेपर्यंत माझ्या मुठीत नुसता काथ्या उरला.

मला कालची संध्याकाळ आठवली आणि मी गाडी घराकडं पिटाळली.

घरी क्रांती दारातच उभी होती. "आवं, आज हात न्हाई ठेवायचा व्हय?"

"हात मळल्यात," मी म्हणालो.

"काल बी मळलेच हुते की," ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "आज सकाळपास्नं लय शांत हाय बाळ."

तसाच तिला घेऊन कराडला दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई पडद्याकडं बघत राहिल्या. यंत्र पोटावर पुन्हा फिरवलं. पुन्हा एकदा.

"नाळेला पीळ असतो," त्या सावकाश म्हणाल्या. "दोरीसारखा. ही मात्र..."

"सरळ हाय?" क्रांतीनं विचारलं. "मग बरंच की. व्हय ना?"

 बाईंनी यंत्राच्या आवाजाचं बटण बंद केलं.

माझे हात खिशात होते. आतलं कापड विरत होतं, दोऱ्याचा बोटांत कापूस होत होता.

"आवं," क्रांतीनं हात पुढं केला, "हात द्या की."